चाप, घोडा आणि निमित्त

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बंदूक, दमा, दंगल, शेअर बाजार, कुठलीही बातमी असो, हल्ली 'ट्रिगर' हा एकच शब्द सगळीकडे छापून येतो. मूळ डच शब्दाचा अर्थ 'ओढायची गोष्ट' एवढाच. मराठीत मात्र जागेनुसार वेगवेगळे नेमके शब्द आहेत.

आधी बंदुकीचे. 'घोडा दाबला' असे सर्रास लिहितात. ठासणीच्या बंदुकीत टोपीवर आपटतो तो घोडा. बोट असते चापावर. चाप ओढला की घोडा पडतो. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, स्वप्नील कुसाळे या नेमबाजांच्या कोल्हापूर जिल्ह्यात तरी ही गल्लत नको. 'झटक्यात चाप ओढून पदक पटकावले' हे तर नेमबाजीच्या अगदी उलट. स्पर्धेत 10 मीटर एअर पिस्तुलाच्या चापाचे वजन, म्हणजे तो सुटायला लागणारा दाब, किमान 500 ग्रॅम, 25 मीटर पिस्तुलाचे 1000 ग्रॅम लागते. तपासताना नळी उभी धरून चापाला तेवढे वजन टांगतात. चापाने ते न सुटता पेलले पाहिजे. बोटाच्या पहिल्या पेराची गादी चापावर ठेवून आधी ढील काढून घ्यायची आणि मग दाब सलग वाढवत न्यायचा. झटका दिला की सगळी मूठ आवळली जाते आणि उजव्या हाताने मारणाऱ्याची गोळी खाली डावीकडे जाते.

'ट्रिगर फिंगर' या दुखण्याचा बंदुकीशी संबंध नाही. बोट वाकवणारी दोरीसारखी कंडरा तळहाताजवळच्या कड्यात अडकते आणि चाप सुटावा तशी खटकन सुटते, म्हणून ते नाव. मधुमेहींमध्ये हे जास्त आढळते.

खरा घोळ होतो तो 'कारण' या अर्थाने ट्रिगर वापरल्यावर. 11 डिसेंबर 1967 च्या कोयना भूकंपाला भूशास्त्रज्ञ 'ट्रिगर्ड' म्हणतात, कारण खडकातल्या भेगांमध्ये ताण आधीच साठलेला होता आणि जलाशयाच्या पाण्याचे फक्त निमित्त झाले. हा कावळा बसायला आणि फांदी मोडायला असा योगायोग नव्हे, आणि पाण्यानेच सगळी ताकद पुरवली असेही नव्हे. इथे 'निमित्त' हाच शब्द बसतो. दंगलीच्या बातमीत 'ठिणगी' म्हणावे. दम्याच्या रुग्णाला धूर, धूळ, गारठा यांनी 'दमा उसळतो' म्हटले की कुणालाही कळते. संगणकाच्या डेटाबेसमध्ये नोंद बदलताच आपोआप चालणाऱ्या आज्ञेला मात्र ट्रिगरच म्हणू द्या.

मुले 'मी ट्रिगर झालो' म्हणतात तेव्हा बहुधा 'माझी सटकली' एवढेच म्हणायचे असते. मानसोपचारातला अर्थ त्याहून जड आहे. 2019 च्या महापुरात ज्याचे घर पाण्यात गेले, त्याला रात्री पत्र्यावर पाऊस वाजू लागला की तीच रात्र पुन्हा अंगावर येते. त्यासाठी आपल्याकडे शब्द आहे, खपली निघणे.

– एक नेमबाजी प्रशिक्षक, कोल्हापूर