जाहिरातीत जमिनीचा हिस्साही छापावा

माननीय संपादक महोदय,

चतुर्थी-दिवाळीच्या सुमारास आपल्या दैनिकात गोव्यातील फ्लॅट, रो हाऊस आणि व्हिलांच्या पानभर जाहिराती येतात. मोपा विमानतळ किती मिनिटांवर आहे, पोहण्याचा तलाव आहे की नाही, सुपर बिल्ट-अप क्षेत्रफळ किती, हे सारे त्यांत असते. खरेदीदाराच्या वाट्याला जमीन किती येणार, हे मात्र बहुधा नसते. राहण्यासाठी घर घेणाऱ्याचे त्यावाचून फारसे अडत नाही, पण आयुष्याची पुंजी घरात गुंतवणाऱ्याने आधी हाच आकडा विचारायला हवा.

घराच्या किमतीत बांधकाम आणि जमीन असे दोन हिस्से असतात. बांधकाम दरवर्षी जुने होते आणि किनाऱ्यालगतच्या खाऱ्या हवेत तर जरा लवकरच. सळ्या गंजतात, स्लॅबचा गिलावा सुटतो आणि पंचवीस-तीस वर्षांनी डागडुजीचा खर्च भाड्याच्या उत्पन्नाला खाऊ लागतो. वाढते ती जमिनीची किंमत. त्यामुळे एकाच क्षेत्रफळाचे, एकाच किमतीचे दोन फ्लॅट गुंतवणूक म्हणून अगदी वेगळे निघू शकतात. हजार चौरस मीटरच्या भूखंडावर एफएआर, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या जितके टक्के बांधकाम करता येते तो आकडा, ८० असेल, तर ८०० चौरस मीटर बांधकाम होते, म्हणजे ८० चौरस मीटरचे दहा फ्लॅट, आणि प्रत्येकाच्या वाट्याला १०० चौरस मीटर जमीन. तेवढ्याच भूखंडावर एफएआर २०० मिळाला, तर तसेच पंचवीस फ्लॅट उभे राहतात आणि वाटा ४० चौरस मीटरवर येतो. शहरातली जमीन महाग असल्याने हे ४० चौरस मीटर खेड्यातल्या शंभरांना भारी पडू शकतात, हे खरे. पण ती तुलना करायची तर दोन्ही आकडे हाताशी हवेत.

शिवाय हा हिस्सा अविभक्त असतो; तो वेगळा काढून विकता येत नाही. त्याचे मोल खऱ्या अर्थाने कळते ते पुनर्विकासाच्या वेळी. पणजी, मडगाव, वास्को येथील जुन्या इमारतींवर ती वेळ येऊ लागली आहे. विक्रीखतात जमिनीचा हिस्सा स्पष्ट लिहिलेला नसेल आणि जमीन अजून मूळ मालकाच्याच नावावर असेल, तर वाटाघाटीत फ्लॅटधारकाची बाजू लंगडी पडते. रेरा या स्थावर मालमत्ता नियमन कायद्यामुळे कार्पेट क्षेत्रफळ, म्हणजे घराच्या आतली प्रत्यक्ष वापराची जागा, सांगणे विकासकाला भाग पडले, ही मोठी सोय झाली. जमिनीच्या हिश्शाकडे मात्र ग्राहकाचे लक्ष अजून गेलेले नाही.

याचा अर्थ भूखंड जितका मोठा तितकी गुंतवणूक चांगली, असाही नव्हे. ही समजूत आपल्याकडे फार घट्ट आहे. बार्देशातील एका ओळखीच्या कुटुंबाची बाराशे चौरस मीटरची मालमत्ता विक्रीला निघाली, तेव्हा घरच्यांनी रस्त्यालगतच्या भूखंडाचा दर घेऊन सरळ बाराशेने गुणले. प्रादेशिक आराखड्यात पाहिले, तर रस्त्याकडचा जेमतेम तिसरा भाग सेटलमेंट, म्हणजे वस्तीच्या झोनमध्ये आणि मागचे सारे भाट (बागायत) ऑर्चर्ड, म्हणजे बागायती झोनमध्ये. तिथे जायची वाटही पुढच्या भागातूनच. गिऱ्हाइकाने पैसे मोजले ते पुढच्या भागाचे, मागचा भाग जवळपास भरीला घातल्यासारखा गेला. सेटलमेंटमध्येही सगळीकडे सारखे नसते. आराखड्यात गावांचे वर्ग पाडले आहेत; व्हीपी-१ वर्गातील गावात एफएआर ८० आणि व्हीपी-२ मध्ये ६०, म्हणजे पाचशे चौरस मीटरवर एकीकडे चारशे, तर दुसरीकडे तीनशे चौरस मीटरच बांधता येते. झोन बदलून मिळेल या आशेवर जास्त दर देणाऱ्यांनी तर विशेष सावध असावे. नगरनियोजन कायद्यात २०२३ मध्ये आलेल्या कलम १७(२) खालचे नियम उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २०२५ मध्ये रद्द ठरवले, हे ताजे उदाहरण आहे. भातशेतीबद्दल बोलायलाच नको. २०२३ च्या कायद्याने ती शेतकरी नसलेल्याला विकण्यावर बंधन आहे.

वडिलोपार्जित चिरेबंदी घराची गोष्ट आणखी निराळी. जमीन भरपूर, जागा मोक्याची, ओसरी-राजांगण पाहून बाहेरचे गिऱ्हाईक भुलतेही. पण एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातला जमिनीच्या नोंदीचा उतारा) आजोबांचे नाव, वारस मुंबईपासून लिस्बनपर्यंत पांगलेले, आणि आपल्या नागरी कायद्यात पती-पत्नीची मालकी सामान्यतः समाईक असल्याने प्रत्येक वारसाच्या जोडीदाराचीही सही लागते. इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधील वाटपाची न्यायालयीन प्रक्रिया, होऊन वाटण्या झाल्याशिवाय अशा मालमत्तेला बाजारभाव मिळत नाही. परसात मुंडकाराचे, म्हणजे मालकाच्या जमिनीत पूर्वापार घर करून राहणाऱ्याचे, घर असेल, तर पंचायत क्षेत्रात ३०० चौरस मीटरपर्यंत जागा विकत घेण्याचा त्याला हक्क आहे आणि तो असायलाच हवा; हिशेबात मात्र तेवढी जागा आधीच वजा धरावी.

उत्पन्नाचे म्हणाल, तर भाडे देतो तो फ्लॅट. मोकळा भूखंड वर्षाकाठी गवत कापण्याचा आणि कुंपणाचा खर्चच मागतो. आयकरातही फरक आहे. घर विकून दुसरे घर घेणाऱ्याने दीर्घ मुदतीच्या नफ्याएवढी रक्कम त्यात गुंतवली तरी करसवलत मिळते, पण भूखंड विकणाऱ्याला पूर्ण सवलतीसाठी विक्रीची सगळी निव्वळ रक्कम घरात घालावी लागते. लाभ पाहताना हेही धरले, तर भूखंडाची चढती किंमत कागदावर दिसते तेवढी हाती येत नाही. म्हणून निवृत्तीनंतर ज्याला दरमहा पैसे हवेत, त्याने पेडण्यातल्या भूखंडापेक्षा फोंड्यातला बरा फ्लॅट पाहावा, असे माझे मत आहे.

आपल्याकडे एक विनंती आहे. मालमत्तेच्या जाहिराती स्वीकारताना कार्पेट क्षेत्रफळ, प्रत्येक घरामागे येणारा जमिनीचा हिस्सा चौरस मीटरमध्ये, भूखंडाचा झोन व एफएआर, आणि सनद, म्हणजे जमीन बिगरशेती वापरासाठी बदलून घेतल्याचा परवाना, मिळाली आहे की नाही, एवढा तपशील जाहिरातदाराकडून मागून घ्यावा आणि वाचता येईल अशा अक्षरांत छापावा. जे विकासक तो आनंदाने देतील, त्यांच्या जाहिरातीलाही त्याने वजनच येईल.

आपला,
एक नियमित वाचक, फोंडा