यातली आई कोणती?

मॅडम,

मसुदा परत आला तेव्हा समासात तुमच्या पेन्सिलीचे तीनच शब्द होते: ‘यातली आई कोणती?’ हे आभार त्या तीन शब्दांचे. त्याआधी दोघांनी तेच चित्र ‘छान’ म्हणून पुढे ढकललं होतं. चित्रात पेशीतल्या गॅमा-ट्युब्युलिन या प्रथिनाचे दोन हिरवे ठिपके, आणि खाली आमचं ठाम विधान की सेंट्रोसोम काय नि बेसल बॉडी काय, एकच!

सेंट्रोसोम म्हणजे दोन सेंट्रिओल (नळकांड्यासारखे सूक्ष्म भाग; जुना तो ‘आई’, नवा ती ‘लेक’) अधिक त्यांच्याभोवतीचा प्रथिनांचा दाट गोळा. पेशीभर पसरणाऱ्या सूक्ष्मनलिका फुटतात त्या मुख्यतः या गोळ्यातल्या गॅमा-ट्युब्युलिनच्या कड्यांवरून. विभाजन थांबलं की त्याच जोडीतली आई पेशीच्या पटलाला जाऊन चिकटते, आणि मग तिलाच बेसल बॉडी म्हणायचं. इथे मात्र नलिका थेट तिच्या भिंतीतूनच पुढे वाढतात. भिंतीत तीन-तीन नलिकांचे नऊ गट. प्रत्येकातली तिसरी नलिका वाटेत संपते आणि सिलियममध्ये, म्हणजे पेशीवरच्या केसासारख्या तंतूत, नऊ जोड्याच शिरतात.

पटलाला चिकटण्याचं काम आईच्या टोकाकडच्या उपांगांचं. लेकीला ती नसतात, यायला साधारण दीड पेशीचक्र जातं; तोवर तिच्यावर सिलियम उगवत नाही. गॅमा-ट्युब्युलिन मात्र दोघींभोवती उजळतं. म्हणजे आमच्या चित्रातून तुमच्या प्रश्नाचं उत्तर निघणारच नव्हतं.

सेंट्रिओलवाचून विभाजन अडतं, हेही वाक्य तुम्ही हळूच अधोरेखित केलंत. सेंट्रिओल घडवायला लागणारं डीसॅस-४ जनुक बिघडलेल्या फळमाश्या सेंट्रिओल नसतानाही प्रौढ होतात. मरतात त्या नंतर, चेतापेशींना सिलिया नसल्यामुळे.

आता विभाजन थांबावं म्हणून पेशी २४ ते ४८ तास सीरमविना ठेवल्या, उणे २० अंशांच्या मेथॅनॉलमध्ये फिक्स केल्या, म्हणजे आहेत तशा टिकवल्या. उपांगांसाठी तिथल्या सीईपी-१६४ प्रथिनाचा लाल रंग, सिलियमसाठी ॲसिटिलेटेड ट्युब्युलिनचा. हा दुसरा पेशीतल्या स्थिर नलिकांवरही चढतो, म्हणून फिक्स करण्याआधी बर्फावर ठेवलेल्या पेशी बऱ्या. नाहीतर सिलियम त्या जाळ्यात हरवतो.

आणि प्रश्न पेन्सिलीनं लिहिलात, पेनानं नाही. चूक दाखवतानाही खोडायची मुभा ठेवणारे फार थोडे भेटतात.

नव्या चित्रात दोन हिरव्यांपैकी एकाच ठिपक्यावर लाल आहे, सिलियम त्याच्यातूनच निघतो. बाण तिथेच दाखवलाय.