इंग्रजीला वळसा घालून

तोरिनो, रविवार

प्रिय अवी,

सप्रेम नमस्कार.

तुझी बोलोन्याची बदली पक्की झाल्याचं कळलं आणि मनापासून आनंद झाला. पॅकेजिंगच्या मशिनांत आयुष्य घालवणाऱ्या माणसासाठी बोलोन्या म्हणजे पंढरीच. त्या गावाच्या आसपास या धंद्याचे इतके कारखाने आहेत की चाकणला तू ज्या मशिनांवर काम करतोस त्यांतली काही तिथूनच आली असतील. आता आगगाडीने दोन-तीन तासांच्या अंतरावर येशील, याचंच मला जास्त अप्रूप.

तुझी यादी मिळाली. डावीकडे रोजच्या वापरातले इंग्रजी शब्द आणि वाक्यं, उजवीकडे इटालियनसाठी कोरी जागा. ती मी भरून पाठवत नाहीये. तुझं डोकं मराठीत चालतं, घरी-दारी तू मराठीत बोलतोस, मग इटालियनला जायला इंग्रजीच्या दारातून कशाला जातोस? बहुतेक पुस्तकं आणि मोबाइलवरचे क्लास इंग्रजीतून शिकवतात म्हणून आपल्याला तोच रस्ता वाटतो. पण तो लांबचा आहे, आणि त्यावर मराठी माणसाचं विनाकारण अडतं.

तुझ्या यादीतलं पहिलंच वाक्य घे. ‘आय लाइक धिस बुक.’ इंग्रजीत आवडणारा माणूस कर्ता. इटालियनमध्ये ‘मि प्याचे क्वेस्तो लिब्रो’. यात ‘मि’ म्हणजे ‘मला’, आणि क्रियापद पुस्तकाप्रमाणे चालतं. पुस्तकं अनेक झाली की ‘मि प्याच्चोनो’. इंग्रजीतून शिकणारी मुलं या ठिकाणी महिनोन्‌महिने धडपडतात. तुला त्यात शिकण्यासारखं काय आहे? मला पुस्तक आवडतं, मला पुस्तकं आवडतात. झालं! डोकं दुखतं तेही तसंच. ‘मि फा माले ला तेस्ता’ म्हणजे डोकं मला दुखतंय. थंडी वाजते तेव्हा इटालियन माणूस स्वतः ‘थंड’ होत नाही, त्याच्याकडे थंडी असते. आणि ‘आय मिस यू’ला इथे ‘मि मांकी’ म्हणतात, म्हणजे ‘तू मला कमी आहेस’. आपण ‘तुझी उणीव भासते’ म्हणतो, त्याच्या किती जवळ आहे बघ.

याहून गोड गंमत भूतकाळात आहे. ‘आय वेंट’ म्हणणारा पुरुष की बाई, हे इंग्रजीत कळत नाही. इटालियनमध्ये मी ‘सोनो आंदातो’ म्हणेन, वहिनी ‘सोनो आंदाता’ म्हणतील. मी गेलो, मी गेले. आणखी पुढे जा. ‘निबंध वाचलास का?’ ‘हो, वाचला.’ ‘चिठ्ठी?’ ‘वाचली.’ आपण क्रियापद वाचणाऱ्याप्रमाणे फिरवत नाही, वाचलेल्या गोष्टीप्रमाणे फिरवतो. इटालियनमध्येही वस्तूच्या जागी सर्वनाम येऊन ते क्रियापदाच्या आधी बसलं की हाच प्रकार होतो. पुस्तक पुल्लिंगी, म्हणून ‘ल’ओ लेत्तो’. चिठ्ठी स्त्रीलिंगी, म्हणून ‘ल’ओ लेत्ता’. इंग्रजी पुस्तकांत हा नियम अवघड भागांत टाकलेला असतो. मराठी माणसाने तो आईच्या मांडीवरच शिकलेला असतो, फक्त त्याला कोणी तसं सांगत नाही. मला याचं खरंच वाईट वाटतं.

‘टू नो’ पुढे तू प्रश्नचिन्ह टाकलं आहेस. तिथेही मराठीत विचार कर. माहीत असणं म्हणजे ‘सापेरे’, ओळखणं म्हणजे ‘कोनोशेरे’. पत्ता माहीत असतो, माणूस ओळखीचा असतो. सगळ्या जागा अशा जुळत नाहीत, पण पुष्कळ जुळतात. नात्यांत मात्र आपण श्रीमंत. इटालियनमध्ये नातू, नात, पुतण्या, पुतणी, भाचा, भाची या सगळ्यांना मिळून एकच शब्द, ‘निपोते’. कोणी ‘माझा निपोते’ म्हटलं तर मुलाचा मुलगा की बहिणीचा, हे विचारूनच घ्यावं लागतं.

आता तुझा मोठा प्रश्न: ‘यू’ला काय म्हणायचं? दोन शब्द आहेत, ‘तू’ आणि ‘लेई’. ‘तू’ म्हणजे आपला ‘तू’, उच्चारालाही तोच. ‘लेई’चा शब्दशः अर्थ ‘ती’, पण आदराने बोलताना पुरुषालाही ‘लेई’च म्हणतात आणि क्रियापद तृतीय पुरुषी लावतात. विचित्र वाटून घेऊ नकोस. ‘साहेब चहा घेणार का?’ असं आपण साहेबांच्या तोंडावरच विचारतो की. १९३८ मध्ये मुसोलिनीच्या राजवटीने या ‘लेई’वर बंदी घालून ‘वोई’ (म्हणजे ‘तुम्ही’) म्हणायची सक्ती केली होती. राजवट गेली, ‘लेई’ राहिलं. कारखान्यात बरोबरीचे लोक लवकरच तुला म्हणतील, ‘दिआमोची देल तू’. इंग्रजीत हे एका वाक्यात सांगता यायचं नाही. मराठीत सरळ आहे: आता अरे-तुरेवर येऊ या. तोवर दुकानात, दवाखान्यात आणि वयाने मोठ्या माणसाशी अहो-जाहोच ठेव.

‘प्लीज’खाली तू दोन रेघा मारल्या आहेस, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. ‘पेर फावोरे’ हा शब्द आहे, तो जरूर वापर. पण सकाळी माझ्या गल्लीतल्या बारमध्ये उभा राहून ऐकशील तर लोक म्हणतात, ‘मि फा उन काफ्फे?’ म्हणजे ‘मला एक कॉफी करता?’ आपण टपरीवर ‘एक कटिंग देता का?’ म्हणतो, अगदी तसंच. (बार म्हणजे इथे सकाळी कॉफी प्यायची जागा. दारूच्या बारशी गल्लत करू नकोस. नुसतं ‘लाते’ मागितलंस तर पेलाभर दूध पुढ्यात येईल, कारण लाते म्हणजे दूधच.) काउंटरमागचा गृहस्थ आत येणाऱ्याला ‘प्रेगो’ म्हणतो, म्हणजे बोला, काय देऊ? वाट अडली म्हणून थांबलेल्या बाईंना ‘प्रेगो’, म्हणजे जा ना तुम्ही. कोणी ‘ग्रात्सिए’ म्हटलं की पुन्हा ‘प्रेगो’, म्हणजे त्यात काय एवढं. हात मात्र प्रत्येक वेळी वेगळा हलतो. तुझ्या यादीत या शब्दासमोर ‘वेलकम’ एवढंच आहे. त्यातून तुला चौथा हिस्साही मिळायचा नाही.

असाच दुसरा शब्द ‘मागारी’. ‘तुझ्या पोराला नोकरी लागणार बघ’ असं कोणी म्हटलं की इटालियन बाप उसासा टाकून म्हणतो, ‘मागारी!’ तुझ्या तोंडात साखर पडो, हाच भाव.

कारखान्यातल्या शब्दांबाबत सावध राहा, तिथे इंग्रजी सरळ फसवते. ‘ओफ्फिचीना’ म्हणजे ऑफिस नव्हे, वर्कशॉप. ऑफिसला ‘उफ्फिचो’. ‘मागाझ्झीनो’ म्हणजे मासिक नव्हे, तुझं स्टोअर. ‘फात्तोरिया’ म्हणजे शेतवाडी, कारखान्याला ‘फाब्ब्रिका’. सगळ्यांत घातक ‘एवेन्तुआल्मेन्ते’. इंग्रजी कानाला वाटतं, पार्ट शेवटी बदलणार आहेत. ते म्हणत असतात, वेळ पडली तर बदलू. बैठकीत हा शब्द आला की दोनदा विचार. आणि नळावर ‘सी’ लिहिलेलं असेल तिथे गरम पाणी येतं, कारण ‘काल्दो’ म्हणजे गरम. मुलांना हे आधी सांग.

इंग्रजीने आडवाटेला नेलं तिथे पोर्तुगीज तुला मदत करतील. आपली चावी त्यांच्या ‘शाव’वरून आली, आणि त्याच लॅटिन मुळातून इटालियन ‘क्यावे’ आली. कारखान्यात पान्यालाही ‘क्यावे’च म्हणतात, आणि मागेपुढे सरकणारा पाना म्हणजे ‘क्यावे इंग्लेझे’, इंग्रजी चावी! पगाराला ‘पागा’, पावाला ‘पाने’, इस्त्री करण्याला ‘स्तिरारे’. गोव्याच्या वाटेने आलेले हे शब्द शेकडो वर्षं आपल्या घरात नांदताहेत. त्यांचे चुलतभाऊ बोलोन्यात भेटले की परकं वाटणार नाही.

‘कॉम्प्युटर’, ‘माउस’, ‘वीकेंड’ हे शब्द यादीतून काढून टाक. ते इथे तसेच चालतात. फक्त लिंग बघायचं, ‘इल कॉम्प्युटर’ पण ‘ला मेल’. बस ती, कॉम्प्युटर तो, ऑफिस ते, असं आपणही ठरवतोच ना? आपल्याकडे तीन लिंगं, इथे दोनच, म्हणजे ओझं कमीच. घरून काम करण्याला मात्र इथले लोक ‘स्मार्ट वर्किंग’ म्हणतात. इंग्रज माणूस तसं म्हणत नाही. २०१७ च्या कायद्यात त्यासाठी ‘लावोरो आजिले’ हा इटालियन शब्द आहे, पण बोलण्यात स्मार्ट वर्किंगच.

यावर इथे वाद चालतात ते ऐकून तुला घरच्यासारखं वाटेल. फ्लोरेन्समध्ये १५८३ साली स्थापन झालेली ‘आक्कादेमिया देल्ला क्रुस्का’ ही इटालियन भाषेची संस्था आहे. क्रुस्का म्हणजे कोंडा. भाषेतला कोंडा चाळून पीठ ठेवायचं, असा त्या नावातला अर्थ. तिच्यातल्या काही अभ्यासकांचा एक गट २०१५ पासून नव्या इंग्रजी शब्दांना इटालियन पर्याय सुचवतो. सूचनाच, सक्ती नाही. १९४० मध्ये मात्र दुकानांच्या पाट्यांवर परकी शब्दांना कायद्यानेच बंदी झाली होती. सँडविचला ‘त्रामेझ्झीनो’ हा शब्द कवी दान्नुन्झियोने दिला असं सांगतात, आणि तो आज सर्रास चालतो, कारण तो तोंडात बसला. सावरकरांचे ‘दिनांक’ आणि ‘महापौर’ असेच आपल्या तोंडात बसले. मला वाटतं, शब्द टिकतो तो बोलणाऱ्याच्या सोयीने. कायदा त्याला फार काळ तगवत नाही आणि मारतही नाही.

आता एक कर. दिवसभरात कारखान्यात, घरी, भाजीवाल्याशी जी वाक्यं बोलतोस ती जशीच्या तशी मराठीत लिहून पाठव. ‘जरा सरका’, ‘हे कितीला?’, ‘आलोच!’, ‘मला बरं वाटत नाहीये’, ‘नट ढिला झालाय’. ‘आलोच’ला इथे ‘आर्रीवो’ म्हणतात, आणि माणूस तसाच अजून निघालेला नसतो. मी प्रत्येक वाक्याला इटालियन लिहून देतो आणि रविवारी फोनवर म्हणून दाखवतो, म्हणजे जोडाक्षरं कुठे दाबायची ते कळेल. ‘पेन्ने’ या पास्त्याच्या नावात तो दाब नीट आला नाही तर भलताच अर्थ होतो आणि वाढणाऱ्याची पंचाईत होते.

वहिनींनाही यात बसव, शाळेच्या बाईंशी त्यांनाच बोलावं लागणार आहे. मुलांची काळजी सोड, ती आपल्या आधी शिकतील. काका-काकूंना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद. उत्तर लवकर पाठव.

तुझाच,
नंदू