पुरळ उठण्याआधीचे चार दिवस

संपादक महोदय,

मी बालवाडीत शिकवते. गेल्या महिन्यात वर्गातली एक मुलगी माझ्या मांडीवर बसून चित्र रंगवत होती. नाक गळत होतं, डोळे लाल होते. साधी सर्दी असेल, असं मलाही वाटलं. तीन दिवसांनी तिच्या कानामागे पुरळ उठलं. गोवर!

डॉक्टरांनी सांगितलं ते ऐकून मी हादरले. पुरळ दिसण्याच्या चार दिवस आधीपासून रुग्णाकडून लागण होत असते. रुग्ण खोलीतून निघून गेला तरी हा विषाणू तिथल्या हवेत दोन तासांपर्यंत टिकतो. म्हणजे तिच्यानंतर त्या वर्गात आलेलं मूलही गोवराच्या तावडीत सापडू शकतं. प्रतिकारशक्ती नसलेल्या लोकांत एक रुग्ण १२ ते १८ जणांना आजार देतो.

त्या मुलीला लस दिलेली नव्हती. पण मला सारखा आठवतो तो तिचा चार महिन्यांचा भाऊ. इतक्या तान्ह्या बाळाला ही लस देतच नाहीत. भोवतालच्या ९५ टक्के लोकांचे दोन्ही डोस झालेले असतील, तरच अशी बाळं सुरक्षित राहतात.

आणि आमच्या शाळेत पूर्ण हजेरीला बक्षीस आहे! तापलेलं मूलही मग आई-बाप नाइलाजाने पाठवतात. ते बक्षीस आधी बंद करा. प्रवेशाच्या वेळी लसीकरणाचं कार्ड बघा, आणि डोस राहिला असेल त्या पालकांना न रागावता लसीकरण केंद्राचा पत्ता द्या.

– एक बालवाडी शिक्षिका