गाडी सुरू करण्यापूर्वी बॉनेटवर थाप मारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाशकात पारा दहा अंशांखाली उतरला की दुसऱ्या दिवशीच्या अंकात निफाडचा आकडा, गोदाकाठच्या शेकोटीचे छायाचित्र आणि द्राक्षबागांची काळजी ठरलेली असते. घड वाचावेत म्हणून बागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, पाणी सोडतात, आणि त्यांच्या वर्षभराच्या कष्टांचा प्रश्न असल्याने त्याला जागा मिळते हे योग्यच आहे. मात्र त्याच पहाटे शहरातील सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये ऊब शोधत फिरणाऱ्या मांजरांविषयीही चार ओळी छापून याव्यात, असे वाटते.

याला निमित्त माझीच चूक आहे. गेल्या डिसेंबरात मुलीला पंचवटी एक्स्प्रेससाठी नाशिकरोडला सोडायचे होते. सहाच्या सुमारास घाईघाईने गाडी सुरू केली, तर आतून एक चिरका आवाज आला आणि लगेच थांबला. बॉनेट उघडल्यावर पट्ट्याजवळ दोन-अडीच महिन्यांचे करड्या रंगाचे पिल्लू दिसले. रात्री अकराला मी गाडी लावली तेव्हा इंजिन गरम होते; त्या उबेला ते खालून आत शिरले आणि तिथेच झोपी गेले असणार. वॉचमनने ते जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळले आणि मुलीला दिसू नये म्हणून तो आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. पंचवटी आम्हाला मिळाली.

तेव्हापासून गाडीत बसण्यापूर्वी मी बॉनेटवर दोन थापा मारतो, चाकांच्या वरच्या पोकळीत डोकावतो आणि थोडे थांबतो. या हिवाळ्यात दोनदा खालून मांजर निघून पळाले. थापा मारताना शेजारी हसतात, त्याला माझी हरकत नाही.

मांजराच्या अंगावर एवढी लव असताना त्याला थंडी ती कसली, असे अनेक जण म्हणतात. मोठे, धट्टेकट्टे मांजर कोरडा आडोसा मिळाला तर रात्र काढते, हे खरे. पण पिल्लांना पहिले तीन-चार आठवडे स्वतःच्या अंगाची ऊब राखता येत नाही आणि आई भक्ष्य शोधायला गेली की ती गारठतात. मांजर पिल्लांना सात घरे दाखवते, असे आपल्याकडे म्हणतात. त्या बिचारीची ही सारी धडपड सुरक्षित आणि उबदार कोपऱ्यासाठी असते, आणि आपण जिन्याखालची जागा कुलूपबंद करून, मीटरच्या खोलीला जाळी ठोकून एकेक घर बंद करत आणले आहे.

आडोसा करायला खर्च जवळपास नाही. औषधाच्या दुकानात थर्मोकोलचे रिकामे खोके मिळतात. त्याला मांजर जेमतेम आत जाईल एवढेच दार कापावे, झाकण चिकटवावे आणि खोका दोन विटांवर, वाऱ्याकडे पाठ करून ठेवावा. आत गोधडी किंवा गोणपाट मात्र घालू नये. ते दव शोषून ओले राहते आणि उलट गारठा वाढवते. इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला मिळणारा भाताचा सुका पेंढा त्यासाठी उत्तम. पुष्कळ मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, त्यामुळे वाटीत साधे पाणी ठेवावे. आजारी मांजराला पॅरासिटामॉलची गोळी कोणीही देऊ नये, ती त्याच्यासाठी विष आहे.

सोसायट्यांचे आक्षेप निराधार नाहीत. घाण होते, रात्री बोके भांडतात, आणि खाणे घालणारे लोक संख्या किती वाढते याचा विचार करत नाहीत. माझ्या मते नसबंदी करून न घेता केवळ खाऊ घालणे ही अर्धवट भूतदया आहे. परंतु त्यावर उपाय म्हणून कोपऱ्याकोपऱ्यात डांबराच्या गोळ्या टाकणे सर्वथा गैर आहे, कारण मांजराला त्यांनी विषबाधा होते. (कुत्र्यांसाठी टांगलेल्या रंगीत पाण्याच्या बाटल्या निदान निरुपद्रवी तरी असतात.) मुद्दाम विष घालून प्राणी मारणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली गुन्हा आहे. शिवाय परिसरातील बेवारस प्राण्यांना खाणे घालण्याची व्यवस्था करण्याची जबाबदारी २०२३च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी निवासी संस्थांवरच टाकली आहे. जागा आणि वेळ समितीनेच ठरवून दिली, तर निम्मी भांडणे उद्भवणारच नाहीत.

आमच्या फलकावर मी बॉनेटसंबंधी सूचना लावली होती. ती ‘विनापरवानगी’ म्हणून काढण्यात आली. मी रीतसर अर्ज दिला असून बैठकीची वाट पाहत आहे. तोवर आपणांस एक विनंती आहे. थंडी महाशिवरात्रीला ‘शिव शिव’ म्हणत जाईपर्यंत आपण रोज तापमानाची चौकट छापालच. तिच्या तळाशी या पत्राचे शीर्षक एका ओळीत छापावे.

आपला,
एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक