कानपिळीचा कपडा

३१ मे २०२५
मार्फत ५६ एपीओ

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. हसू नकोस. पत्र म्हटलं की हात आपोआप शाळेच्या पेपरकडे जातो. 'मित्रास पत्र लिहा', पाच गुण. तू माझं बघून लिहायचास आणि घाईत खाली सहीलाही माझंच नाव ठोकायचास. आता खरोखर लिहायची वेळ आलीय, कारण फोनवर हे होत नाही. इथं एका दगडापाशी रेंज येते. तिथं उभं राहिलं की मागं चौघं ताटकळतात. त्यांच्यासमोर तुझ्याशी भांडू कसा? आणि भांडायचं तर आहे.

जागा लिहीत नाही. डोंगर आहे, खाली नाला आहे, समोर पाकिस्तानचा डोंगर आहे. एवढ्यावर भागव.

६ तारखेला संध्याकाळी आमचे फोन जमा झाले ते १३ ला परत मिळाले. सुरू केला तर पोळीच्या तव्यावर ठेवल्यासारखा पाच मिनिटं नुसता थरथरत होता. तुझे एकट्याचे १४३ मेसेज. मी ते वरून खाली ओळीनं वाचले, आणि प्रत्येकाची वेळ बघून त्या वेळेला मी काय करत होतो ते आठवत गेलो. ८ तारखेला रात्री तू कराचीचं बंदर उडवलंस. अर्ध्या तासानं इस्लामाबाद घेतलंस. त्या अर्ध्या तासात मी नाल्यातून वीस-वीस लिटरचे दोन जेरीकॅन घेऊन चढत होतो. अंधार असा की पुढच्याची टाच दिसेना, टॉर्च लावायची नाही. एकाचं झाकण नीट बसलं नव्हतं, वर पोचेतो पाऊण डबा माझ्या पँटीत. हवालदार साहेबांनी जे काही म्हटलं ते या कागदावर मावणार नाही.

नंतर कळलं, चॅनलवाल्यांनी त्या रात्री जे दाखवलं त्यातलं बरंचसं झालंच नव्हतं. तू ते सगळं माझ्या आईला वाचून दाखवत होतास. काळजीपोटीच, माहीत आहे मला. पण दादा सांगत होते, तिनं रात्रभर देवापुढचा दिवा विझू दिला नाही आणि टीव्हीही बंद करू दिला नाही. दोन्हीकडे आळीपाळीनं बघत बसली होती.

टीव्हीवरचं खोटं होतं म्हणून इथं काही घडलंच नाही असं समजू नकोस. ६ तारखेची रात्र उलटून ७ ला एक वाजून गेल्यावर आपल्या सैन्यानं नऊ ठिकाणं मारली, आणि उजाडेपर्यंत नियंत्रण रेषेवर त्यांच्या तोफा सुरू झाल्या. पूंछ गावात भर वस्तीत गोळे पडले. बारा वर्षांची जुळी भावंडं गेली, तू वाचलं असशील. वाचलंस का? १४३ मध्ये ती बातमी मला सापडली नाही.

गोळा आपला की त्यांचा हे आवाजावरून कळतं, हे मला इथल्या एका म्हाताऱ्या गुज्जर चाचानं शिकवलं. आधी दणका आणि मग लांब जाणारी सळसळ, म्हणजे आपला; जेवत राहा. आधी शिट्टी, मग दणका, तर ताट टाक. खालचं गाव रिकामं केलं होतं, पण चाचा हलला नाही. तीन म्हशी, त्यातली एक गाभण. "इसको कौन उठाएगा, तू?" असं मलाच विचारलं. एका सकाळी त्याच्या गोठ्याच्या पत्र्याला चाळणीसारखी भोकं पडलेली. म्हशीच्या पाठीवर एक तुकडा लागून कातडं सोललं होतं. तो हळद आणि तेल एकत्र करून तिथं लावत बसला होता. मला उगाच आपल्या गोठ्यातला दादांचा हात आठवला, तसाच, अंगठ्याच्या बाजूनं लावायचा. त्याच दिवशी तो आमच्यासाठी किटलीभर दूध घेऊन वर आला. पैसे घेतले नाहीत. बदल्यात चार पोती रेती मागितली, गोठ्याच्या दारात लावायला.

आता भांडण. १० तारखेला संध्याकाळी पाच वाजता थांबायचं ठरलं, त्यावर तुझा मेसेज: 'थांबलात का? अजून चार दिवस हाणायला पाहिजे होतं.' मी दोन दिवस तुझ्याशी मनातल्या मनात बोलत होतो. हाणा म्हटलं असतं तर हाणलं असतं, थांबा म्हटलं तर थांबलो. ते ठरवणारे वेगळे, त्यावर मी बोलणार नाही. आणि पहलगामला जे झालं त्याचा राग मलाही आहे. २६ माणसं, त्यात आपल्या महाराष्ट्रातली सहा, डोंबिवलीच्या एकाच नात्यातले तिघं. तो राग खोटा नाही. पण ते चार दिवस कुणाचे रे? तुझ्या मोबाईलच्या दुकानातले की चाचाच्या गोठ्यातले?

हेही सोडून दिलं असतं. सुटत नाही ते वेगळंच आहे. पहलगामला नौदलाचा जो तरुण अधिकारी गेला, लग्नाला आठवडासुद्धा झाला नव्हता. त्याची बायको म्हणाली, आम्हाला न्याय हवाय, पण मुसलमानांच्या आणि काश्मिरींच्या मागं लागू नका. तिच्यावर लोकांनी जी घाण टाकली, त्यातली एक तू पुढं ढकलली होतीस, हसणारे तीन चेहरे चिकटवून. मग शस्त्रसंधी जाहीर केली म्हणून परराष्ट्र सचिव विक्रम मिस्रींना आणि त्यांच्या मुलीला शिव्या. सरकारचा निर्णय त्या माणसानं वाचून दाखवला, त्यात पोरीचा काय संबंध? सुहास, मी गणवेशातला माणूस आहे. उद्या माझं काही झालं आणि आई कॅमेऱ्यासमोर तुला न पटणारं काही बोलली, तर? तू म्हणशील, काकूंना कोण बोलेल. त्या अधिकाऱ्याच्या बायकोलाही सासर-माहेर होतंच की.

राहिलं. लिहिलं, हलकं झालं.

दुसरी एक बातमी मी बऱ्याच वेळा वाचली. ९ मेला नियंत्रण रेषेवर मुरली नाईक गेला. घाटकोपरच्या कामराजनगरात वाढलेला, मूळचा आंध्रचा. अग्निवीर, म्हणजे माझ्यासारखाच चार वर्षांवाला. त्याच्याही घरी कुणीतरी टीव्ही लावून बसलं असेल.

चार वर्षांवरून आठवलं. तू दर वेळी विचारतोस, पुढं काय. माझी २०२७ च्या सुरुवातीला भरतील. शंभरातले पंचवीस ठेवतात, बाकीचे साधारण पावणेबारा लाखांची सेवा निधी घेऊन घरी. आता तिसरं वर्ष, पगार ३६,५०० आणि हातात २५,५५०. सुभेदार साहेब म्हणतात, त्याचा विचार करायचा तो छुट्टीत करायचा, खंदकात नाही. पण या महिन्यात पहिल्यांदाच आम्हा अग्निवीरांत तो विषयच निघाला नाही. कोण कायम, कोण चार वर्षांचा, पाण्याच्या लायनीत सगळे सारखेच. तुझे ते तीन सेकंद अजून डोक्यात आहेत माझ्या. भरतीचे सोळाशे मीटर, पाच-पंचेचाळीसची मुदत, तू पाच-अठ्ठेचाळीस. शेवटच्या वळणावर मी मागं वळून बघितलं होतं हे तुला कधी सांगितलं नाही. तू असतास तर दुसरा जेरीकॅन तुझ्याकडे दिला असता.

कोहलीनं कसोटी सोडल्याचं मला डीजीएमओ, म्हणजे लष्करी मोहिमांचे प्रमुख, राजीव घई साहेबांच्या क्लिपमधून कळलं. हवाई संरक्षण समजावताना लिली-थॉमसन या जुन्या वेगवान गोलंदाजांपर्यंत गेले होते साहेब. इथं लंगरमध्ये त्यावर जेवढी चर्चा झाली तेवढी क्षेपणास्त्रांवर नाही. काल आयपीएलमध्ये मुंबईनं गुजरातला काढलं ते आम्ही रेडिओवर ऐकलं, उद्या पंजाब. निकालाचा मेसेज तूच कर, पण खरा कर.

गावाकडं पावसानं यंदा घात केला म्हणे. मुंबईत २६ मेलाच पोचला, वरळीच्या भुयारी मेट्रो स्टेशनात पाणी भरलं ते इथं सगळ्यांनी बघितलं. आमच्या वावराचं कुणी दाखवणार नाही. दादा म्हणाले, जमीन ओलीच, वापसाच येईना, कुळवाची पाळी राहिलीय. घेवडा टाकायच्या वेळेला चिखल असेल तर काय करायचं? जरा जाऊन ये. मला ते 'बघू' एवढंच सांगतात.

आणि ताईचं लग्न. छुट्टी १० मेपासून मंजूर होती, रद्द झाली. ११ ला मुहूर्ताच्या वेळेला मी संतरी होतो. घड्याळात बघून अक्षता पडल्या असतील असं मनाशी म्हटलं, झालं. १३ ला फोन उघडला आणि तुझ्या त्या १४३ च्या तळाशी एकच फोटो होता, त्याखाली काही लिहिलेलं नाही. नवरदेव पाटावर, तू पाठीमागून त्याचा कान धरलेला, आणि ताई तोंडाला पदर लावून हसतेय. भावाचं काम तू केलंस. मी तो फोटो हवालदार साहेबांना दाखवला. ते म्हणाले, "याच्यावर रागावला होतास ना दोन दिवस?" मी म्हटलं, अजून आहे.

दाजींचा कान लाल झाला होता, फोटोत दिसतंय. एवढा पिळायचा नसतो. आणि कानपिळीचा जो शर्टाचा कपडा मिळाला असेल तो माझा आहे. तुझ्या मापाचा शिवू नकोस. जुलैत छुट्टी मिळेल असं चाललंय.

तुझा,
अमोल
(सही माझीच आहे, तू केलेली नाही.)