भरती-ओहोटीची वीज आणि लाटांची वीज: धोरण वेगवेगळे हवे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सागरी ऊर्जेवरील आपल्या दैनिकातील लेख वाचला. हा उद्योग उभा राहावा, हे त्यातील मत मान्य आहे. मात्र लेखात लाटा आणि भरती-ओहोटी यांना एकाच पंक्तीत बसवले आहे, आणि धोरणे आखतानाही बऱ्याचदा हीच गल्लत होते, म्हणून हे पत्र.

उधाण (मोठी भरती) कधी आणि भांग (लहान भरती) कधी, हे अनेक वर्षे आधी सांगता येत असल्यामुळे भरती-ओहोटीच्या विजेचा हिशेब आगाऊ मांडता येतो. फ्रान्समधील रान्स नदीच्या मुखावर बंधारा घालून उभारलेले 240 मेगावॅटचे केंद्र 1966 मध्ये सुरू झाले. बंधारा न घालता वाहत्या प्रवाहातच टर्बाइन बसवण्याचे तंत्र त्या मानाने नवे असले, तरी त्यातही बहुतेकांनी आता पवनचक्कीसारखी आडव्या आसाची रचना स्वीकारली आहे. स्कॉटलंडजवळच्या पेंटलंड सामुद्रधुनीत मेजेन प्रकल्पाने दीड मेगावॅटची चार यंत्रे समुद्रतळावर बसवली आहेत. अशा तंत्राला आता प्रयोगासाठी अनुदान नव्हे, तर दीर्घ मुदतीचा खात्रीचा खरेदीदर हवा. ब्रिटनने 2022 च्या लिलावात या विजेसाठी स्वतंत्र रक्कम राखून ठेवली, तेव्हा सुमारे 41 मेगावॅटचे करार झाले. पवनऊर्जेशी थेट दरस्पर्धा लावली असती, तर त्यातले कितपत झाले असते याची शंकाच आहे. असे लिलाव ठरावीक काळाने होत राहिले पाहिजेत, कारण एकाच लिलावाच्या भरवशावर कोणी कारखाना काढत नाही.

खर्चाचे मूळ बरेचदा यंत्रापेक्षा देखभालीत असते. भरतीची ओहोटी होताना पाणी थोडाच वेळ थबकते आणि तेवढ्यात केबलची जोडणी उरकावी लागते. ती वेळ हुकली की जहाजाचे भाडे मात्र चढतच राहते.

लाटांच्या यंत्रांची गोष्ट निराळी. कोणी तरंगता बोया वापरतो, कोणी सांधे असलेली लांब नळी, तर कोणी कोंडलेल्या हवेचा स्तंभ. अजून एकमत नाही. लाटेची उंची पाचपट झाली की तिच्यातील ऊर्जा पंचवीसपट होते, म्हणजे यंत्र बांधायचे वादळाच्या हिशेबाने आणि कमाई करायची रोजच्या लाटेवर. पेलामिस या सांध्यांच्या नळीच्या यंत्राने 2004 मध्ये स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांजवळच्या समुद्रातून ग्रिडला वीज दिली, 2008 मध्ये पोर्तुगालच्या किनाऱ्यापुढे अशी तीन यंत्रे बसली, पण ती थोड्याच महिन्यांत किनाऱ्यावर आणावी लागली आणि 2014 मध्ये कंपनीचे दिवाळे वाजले. गुंतवणूकदारांच्या घाईने अपुऱ्या चाचणीची यंत्रे समुद्रात उतरवण्याचा हा मार्ग मला तरी धोक्याचा वाटतो. त्याच वर्षी स्थापन झालेल्या ‘वेव्ह एनर्जी स्कॉटलंड’ या सरकारी निधीवरच्या संस्थेने संपूर्ण यंत्राबरोबरच त्याच्या सुट्या भागांनाही टप्प्याटप्प्याने पैसे देण्याची आणि कसोटीला उतरेल त्यालाच पुढे नेण्याची पद्धत अवलंबली. लाटांसाठी हीच पद्धत योग्य आहे. विजेच्या दराची बोली लाटांच्या कंपन्यांनी इतक्यात लावू नये.

एक अट मात्र दोन्हींना लागू करावी: सार्वजनिक पैशातून चाचणी झालेल्या प्रत्येक यंत्रात काय गंजले, काय तुटले आणि दुरुस्तीला किती काळ लागला, याच्या नोंदी कंपनी बुडाली तरी सर्वांना खुल्या असाव्यात.

आपला,
एक वाचक